रुग्णसेवेचा स्वधर्म आणि निवडीचे स्वातंत्र्य

बारावीच्या टप्प्यावर आलेल्या मुलामुलींना आरोग्यसेवेच्या पुढील शिक्षणाकडे नेण्याचे काम सामान्यतः शाळा, पालक आणि समुपदेशक यांच्या दैनंदिन व्यवहारात मोडते, आणि त्याची चर्चा गुण, जागा, शुल्क आणि नोकरी यांभोवती फिरत राहते. या व्यवहाराच्या मुळाशी मात्र धर्मविचाराचा एक प्रश्न आहे. येथे धर्म या शब्दाने उपासनापंथ अभिप्रेत नसून, मनुष्याने कोणते काम आपले मानावे आणि इतरांशी कसे वागावे याचा विचार अभिप्रेत आहे. परिचर्येच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्याने त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण केलेली असावीत, अशी नियमाची अपेक्षा असते. म्हणजे ज्या वयात कायदा विद्यार्थ्याला सज्ञानही मानत नाही, त्या वयात दुसऱ्याच्या वेदनेजवळ आणि मृत्यूजवळ आयुष्य घालवण्याचा निर्णय त्याच्याकडून घेतला जातो. असा निर्णय कोणी मागावा, कोणत्या अधिकाराने मागावा, आणि मागणाऱ्याने त्या बदल्यात कोणती जबाबदारी पत्करावी, हे ठरल्याशिवाय मार्गदर्शनाला नैतिक पाया मिळत नाही.

प्रश्नाची आजची मांडणीच मुळात अरुंद आहे. आरोग्यसेवा म्हणजे डॉक्टरकी, हे समीकरण घराघरांत इतके पक्के झाले आहे की 2024 साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी देशभरातून 24 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, आणि त्या वेळी एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. या दोन आकड्यांमधल्या अंतरात जे असंख्य विद्यार्थी उरतात, त्यांना परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्र, डायलिसिस, शस्त्रक्रियागृहातील साहाय्य किंवा औषधनिर्माण हे मार्ग ‘काहीच मिळाले नाही तर’ या शब्दांत सुचवले जातात. 2021 साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि 2023 साली परिचर्या व प्रसूतिसाहाय्य यांसाठीही नवा आयोग स्थापण्याचा कायदा केला, तरी समाजमनातील ही उतरंड कायद्याने हललेली नाही. पराभवाची खूण म्हणून स्वीकारलेले काम कोणी श्रद्धेने करील अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि त्या अन्यायाची झळ शेवटी खाटेवर पडलेल्या रुग्णालाच लागते.

ही उतरंड भारतीय वैद्यकाच्या मूळ विचाराशी जुळत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. पाद म्हणजे ज्यावर एखादी गोष्ट उभी राहते ते अंग. आणि ही चार अंगे म्हणजे वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि स्वतः रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा, म्हणजेच आजच्या भाषेतील परिचारिका किंवा परिचारक. वैद्याला त्या मांडणीत प्रमुख स्थान आहे हे खरे, परंतु प्रत्येक पादाला सारखेच चार गुण नेमून दिले आहेत, आणि उपस्थात्याच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयीचा अनुराग आणि शुचिता यांची अपेक्षा केली आहे. यांतील पहिले दोन गुण बुद्धीचे व कौशल्याचे आहेत. शुश्रूषा हे ज्ञानाचे काम आहे, केवळ राबण्याचे नाही, असा निर्णय शास्त्रकाराने त्या काळीच दिला होता. बौद्ध परंपरेत हाच विचार अधिक थेट येतो. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या आणि कोणीही न विचारलेल्या एका भिक्षूला तथागत बुद्धांनी आनंद या शिष्याच्या साहाय्याने स्वतः धुऊन शय्येवर निजवल्याची कथा आहे. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असा तिचा आशय आहे, आणि त्यापाठोपाठ औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, किळस न मानणे असे चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले आहेत.

तथापि परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलावू नये अशांच्या यादीत चिकित्सक येतो, आणि चौथ्या अध्यायात त्याचे अन्न त्याज्य ठरवले आहे. शरीराच्या स्रावांशी येणारा संबंध अशौच मानणाऱ्या या दृष्टीने वैद्यालाच जेथे दूर ठेवले, तेथे बाळंतपण करणारी सुईण, मळ उचलणारा आणि प्रेत हलवणारा यांचे काम जन्माने खालच्या मानलेल्या जातींवर लादले जावे, हे ओघानेच आले. ज्या समाजाने सेवेची स्तुती ग्रंथांत केली आणि सेवेचा भार दुर्बळांच्या खांद्यावर टाकला, त्या समाजातील वडीलधाऱ्यांनी आज एखाद्या मुलीला ‘सेवा हाच धर्म’ असे सांगावे, तेव्हा तिने त्या शब्दांकडे थोडे सावधपणे पाहिले तर दोष तिचा नाही. हे काम पवित्र असेल तर ते आजवर कोणाच्या वाट्याला आले, आणि आपली मुले त्यापासून दूर ठेवण्याची धडपड कोणी केली, हा प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

येथूनच स्वधर्माच्या प्रश्नाकडे वळावे लागते. स्वधर्म म्हणजे ज्याचे त्याचे विहित कर्म. परंतु ते कशाने विहित होते, जन्माने की अंगच्या गुणांनी, यावर गीतेच्या भाष्यकारांमध्ये दीर्घ वाद आहे. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मयोगाची मांडणी करताना लोकसंग्रहाच्या कल्पनेवर, म्हणजे समाजाचे धारण आणि त्याला योग्य मार्गावर ठेवणे या हेतूवर, विशेष भर दिला. रुग्णसेवा ही लोकसंग्रहाची उघड वाट आहे, यात शंका नाही. परंतु समाजाला एखाद्या कामाची गरज आहे एवढ्यावरून ते काम अमुक एका व्यक्तीचा स्वधर्म ठरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 सालच्या जातिनिर्मूलनावरील निबंधात नेमके या जागेवर बोट ठेवले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, ती माणसाचा कल पाहत नाही, आणि समाजाची कार्यक्षमता वाढवायची असेल तर व्यक्तीची स्वतःचा व्यवसाय निवडण्याची आणि घडवण्याची पात्रता विकसित करावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातील ‘पात्रता विकसित करणे’ हा भाग महत्त्वाचा आहे, कारण निवडीचे स्वातंत्र्य नुसते बहाल करून भागत नाही. ज्याला पर्याय ठाऊकच नाहीत आणि ठाऊक असले तरी परवडत नाहीत, त्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

गीतेचा शेवट या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. अठरा अध्यायांचा उपदेश संपत आला असता श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की या सर्वाचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. ज्याच्या अधिकाराविषयी श्रोत्याला कोणतीही शंका उरलेली नाही, असा उपदेशकही अंतिम निर्णय श्रोत्याच्या हाती ठेवतो. त्याच वेळी तो निर्णयापूर्वीचे परिश्रम टाळत नाही. प्रश्नांना उत्तरे देतो, शंका दडपत नाही, आणि विचार अपुरा राहू नये म्हणून विषय सर्व बाजूंनी उलगडून दाखवतो. विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकासाठी हाच दंडक असावा. निर्णय लादणे हा जसा अधर्म आहे, तसेच ‘तुला हवे ते कर’ म्हणून विचाराची सामग्री न देता मुलाला एकटे सोडणे हाही अधर्मच आहे.

ही सामग्री कोणती, याचे आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट उत्तर चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात मिळते. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने विद्येत प्रवेश करण्यापूर्वी तीन परीक्षा व्हाव्यात, असा तेथील क्रम आहे. प्रथम इच्छुकाने स्वतःच्या कार्याचे ओझे, त्याचे फळ आणि देशकाल पाहून शास्त्राची परीक्षा करावी. मग त्याने आचार्याची परीक्षा करावी. आणि त्यानंतर आचार्याने शिष्याची परीक्षा करावी. तीनपैकी दोन परीक्षांत विद्यार्थी परीक्षक आहे आणि त्या दोन्ही त्याची स्वतःची परीक्षा होण्यापूर्वी येतात, ही गोष्ट फार मोलाची आहे. त्या ग्रंथात शिष्याच्या लक्षणांमध्ये कुळाचा आणि शरीराच्या ठेवणीचाही विचार आहे, आणि दीक्षेच्या वेळच्या उपदेशात राजाला अप्रिय असणाऱ्यांवर उपचार करू नयेत यांसारख्या आज अमान्य ठरणाऱ्या मर्यादा आहेत. त्या सोडून देणे आवश्यक आहे. परंतु तीन परीक्षांचा क्रम टिकवण्याजोगा आहे, आणि आजच्या व्यवस्थेने नेमका तोच मोडला आहे. पहिल्या दोन परीक्षा जवळजवळ नाहीशा झाल्या असून तिसरी तेवढी प्रवेशपरीक्षेच्या गुणांच्या रूपाने उरली आहे.

शास्त्राची परीक्षा आजच्या विद्यार्थ्याने कशी करावी, याचे उत्तर प्रत्यक्ष दर्शनात आहे. अकरावी-बारावीच्या वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, रक्तपेढी आणि प्रयोगशाळा यांचे काम जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली, रुग्णाची संमती आणि खासगीपणा जपून पाहण्याची संधी मिळाली, तर त्याला कळेल की रात्रपाळी म्हणजे काय, वॉर्डात एका परिचारिकेवर किती खाटांची जबाबदारी पडते, नातेवाइकांचा राग कोण झेलतो, आणि बऱ्या झालेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावरचे समाधान कोणाला पाहायला मिळते. कामातील कष्ट लपवून केवळ गौरव सांगणारे मार्गदर्शन हे अर्धसत्य असते, आणि अर्धसत्यावर दिलेली संमती ही खरी संमती नसते. जो विद्यार्थी हे पाहून माघार घेईल त्याची माघारही यशस्वी मार्गदर्शनाचेच फळ मानली पाहिजे.

आचार्याच्या परीक्षेचे महत्त्व तर आज पूर्वीपेक्षा वाढले आहे, कारण मान्यता नसलेल्या संस्थांच्या आकर्षक नावांना आणि हमखास नोकरीच्या जाहिरातींना ग्रामीण कुटुंबे बळी पडू शकतात. संस्थेला संबंधित परिषदेची मान्यता आहे का, पदवी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठासारख्या विद्यापीठाशी ती संलग्न आहे का, प्रत्यक्ष शिकण्यासाठी चालू स्थितीतले रुग्णालय जोडलेले आहे का, शिक्षक नियमित आहेत का, आणि तेथे आधी शिकलेले विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे पाच प्रश्न विचारायला शिकवणे म्हणजे व्यवहारचातुर्य शिकवणे एवढेच नव्हे. गुरूकडे डोळसपणे पाहण्याचा शिष्याचा जो अधिकार चरकाने मान्य केला होता, तो त्याला परत देणे आहे.

तिसऱ्या परीक्षेसंबंधी एक खोल तात्त्विक शंका उपस्थित होते. गुणांवरून करुणा कळत नाही, हे सर्वमान्य आहे. मग प्रवेशापूर्वी करुणा तपासावी काय? ही सूचना वरवर आकर्षक असली तरी ती करुणेला जन्मजात, ठरावीक मापाची वस्तू मानते. पतंजलींच्या योगसूत्रांत, आणि बौद्धांच्या ब्रह्मविहारांतही, मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चारांचा उल्लेख भावना म्हणून येतो, आणि तेथे भावना म्हणजे पुन्हा पुन्हा मनात वळवून रुजवायची वृत्ती. करुणा रुजवता येते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. या चारांत उपेक्षा, म्हणजे येथे तुच्छता नव्हे तर समतोल अलिप्तता, समाविष्ट आहे, हेही विचारपूर्वक पाहिले पाहिजे. रोज दुःख पाहणाऱ्याची करुणा समतोलाच्या आधाराशिवाय थकते आणि थकल्यावर तिची जागा कोडगेपणा घेतो. त्यामुळे प्रशिक्षणाने हळवेपणा वाढवण्यापेक्षा समतोल शिकवावा लागतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शस्त्रकर्माचा सराव आधी भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, ताणलेल्या कातड्यावर आणि मृत प्राण्यांच्या शिरांवर करावा, असे सांगितले आहे, कारण शास्त्र कितीही ऐकले तरी हाताला सराव नसेल तर ऐन वेळी गोंधळ होतो. हाताला जे लागू आहे ते मनालाही लागू आहे: रुग्णाजवळ शांतपणे बसणे, वाईट बातमी सांगणे, किळस ओलांडणे, या गोष्टींचाही टप्प्याटप्प्याने सराव व्हावा लागतो.

या विचाराला महाराष्ट्रातील अनुभवाचा भक्कम आधार आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात, अक्षरओळखही जेमतेम असलेल्या आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांनी आरोग्यसेविका म्हणून गावांचे आरोग्य सांभाळले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने माफक शालेय शिक्षण झालेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले, आणि 1999 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तेथील नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसून आले. त्या स्त्रियांची निवड कोणत्याही गुणवत्ता यादीने केली नव्हती. जन्म, कुळ आणि गुणपत्रिका यांपैकी काहीही पुरेसे निदर्शक नसते, आणि नेटके, सातत्याचे, सन्मानाने दिलेले प्रशिक्षण माणसातील क्षमता उभी करते, हे त्यांच्या कामाने सिद्ध केले आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: आजचा विद्यार्थी सेवेसाठी नव्हे, पगारासाठी किंवा परदेशी जाण्यासाठी या शिक्षणाकडे येतो, मग त्याच्या कामाला धर्म कसे म्हणावे? महावग्गातील शुश्रूषकाने लाभाच्या इच्छेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी हे खरे. परंतु तो शुश्रूषक भिक्षू होता, त्याच्यावर घर चालवण्याचा भार नव्हता. गृहस्थाच्या जीवनात अर्थ, म्हणजे उपजीविकेची साधने मिळवणे, हा मान्य पुरुषार्थ आहे, धर्माच्या मर्यादेत राहणे एवढीच त्याची अट आहे. निष्काम कर्म म्हणजे विनावेतन कर्म नव्हे. निष्कामता कर्त्याच्या चित्ताशी संबंधित आहे, वेतन हे काम घेणाऱ्याच्या कर्तव्याशी. 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांना स्वयंसेविका म्हणून नेमून नियमित वेतनाऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला दिला जातो, आणि त्यांना आपल्या हक्कासाठी वारंवार रस्त्यावर उतरावे लागते, ही वस्तुस्थिती हेच दाखवते की सेवेचा गौरव पुष्कळदा सेवकाचे देणे टाळण्यासाठी वापरला जातो. चांगल्या वेतनाची अपेक्षा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला स्वार्थी म्हणण्यापूर्वी समाजाने आपला हिशेब तपासावा. परदेशी जाणाऱ्या परिचारिकेविषयीही हेच म्हणता येईल: रुग्ण कोणत्याही देशाचा असो, त्याची सेवा ही सेवाच असते, आणि तिने येथेच राहावे असे वाटत असेल तर येथे राहण्याजोगी परिस्थिती निर्माण करणे हे तसे वाटणाऱ्यांचे काम आहे.

राहिला प्रश्न मदतीच्या स्वरूपाचा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीला पदवीच्या पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र इंग्रजीतून शिकावे लागते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्यांमध्ये उत्पन्नाचा दाखला किंवा जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती नसेल तर हक्काची जागा हुकते. 2024 साली राज्य शासनाने ठरावीक उत्पन्नगटातील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले तरी खानावळ, गणवेश, प्रवास यांचा खर्च उरतोच. आणि मुलीने रात्रपाळी करावी काय, हा घरातला प्रश्न तर कोणत्याच अर्जात लिहिलेला नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी, 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाकडे नेले, तेव्हाही परपुरुषाला स्पर्श करावा लागणारे हे काम घरंदाज स्त्रीने करू नये, असेच समाज म्हणत होता. तो विरोध केवळ युक्तिवादाने ओसरला नाही. राहण्याची सुरक्षित सोय, शिक्षणाची शिस्त आणि पाठीशी उभी असलेली आदरणीय माणसे, यांनी तो ओसरला. आजही भाषेच्या पूर्वतयारीचे वर्ग, कागदपत्रांसाठी वेळेवर मदत, वसतिगृह, पहिल्या वर्षात आधार देणारी वरिष्ठ विद्यार्थिनी आणि पालकांशी मोकळा संवाद, या साध्या गोष्टींवर अनेक मुलींचा पुढचा मार्ग अवलंबून असतो. याच मार्गावर मुलग्यांनाही बोलावले पाहिजे, कारण शुश्रूषा हा स्त्रीचाच स्वभाव आहे असे मानणे म्हणजे जन्मावरून काम ठरवण्याची जुनीच चूक नव्या रूपात करणे होय.

ही मदत उपकार म्हणून केली जाऊ नये. वैदिक परंपरेत मनुष्य ऋणे घेऊनच जन्माला येतो असे मानले आहे. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. प्रत्येक जिवंत व्यक्ती जन्माच्या वेळी कोणाच्या तरी हातांत आलेली असते आणि बहुधा शेवटच्या दिवसांतही कोणाच्या तरी हातांवर विसंबून असते; ते हात तयार करण्याच्या खर्चात आणि कष्टांत वाटा उचलणे ही त्या ऋणाची फेड आहे. म्हणून शिक्षकांनी, पालकांनी आणि आरोग्यसेवेत आधीच असलेल्या प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या किमान एका विद्यार्थ्याला शास्त्राची आणि आचार्याची परीक्षा करण्याची संधी मिळवून द्यावी, त्याच्या मार्गातील पैशाचे, भाषेचे आणि भीतीचे अडथळे शक्य तितके दूर करावेत, आणि त्यानंतर निर्णय त्याच्यावर सोपवून तो जो घेईल त्याचा मान राखावा. रुग्णसेवा हा धर्म आहे. परंतु तो दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार, ती सेवा करणाऱ्याला शिक्षण, सन्मान आणि न्याय्य वेतन देण्यास जो तयार आहे, त्यालाच आहे.